विचारविनिमयाची लोकशाही: पुस्तकातली आणि पारावरची

चावडीवरचा (धागाकर्ता)

१ मेच्या ग्रामसभेला गावी गेलो होतो. पुण्याहून मुद्दाम गेलो, कारण विषयपत्रिकेवर पाण्याच्या नव्या टाकीची जागा होती आणि त्यावरून वरची आळी आणि खालची वस्ती यांच्यात दोन महिने धुसफूस चालू होती. सभा नऊची. साडेदहापर्यंत पारावर पंचवीस माणसं, त्यातली दहा यात्रेसाठी मुंबईहून आलेली. कोरम भरला नाही, सभा तहकूब.

आठवड्याने तीच सभा पुन्हा भरली तेव्हा मी नव्हतो. चुलतभावाने रात्री फोनवर सगळं ऐकवलं. दीड तास कडाक्याचं भांडण झालं. वरच्यांचं म्हणणं, उंचावर बांधा, पाणी आपोआप उतरेल. खालचे म्हणाले, आजवर तुमच्याकडून उतरून किती आलं ते बघतोच आहोत. मधेच एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "मी दिसाला किती हंडे वाहते ते मोजायला कुणी येता का?" लोक हसले. मग कुणीतरी कुणाच्या तरी चुलत्याचं २००४ सालचं प्रकरण काढलं. शेवटी सरपंच उठले, "चला, सर्वानुमते मंजूर," म्हणाले आणि सभा संपली.

मी भावाला विचारलं, टाकी किती लिटरची? माहीत नाही. उंची किती? माहीत नाही. किती घरांना पुरेल? तेही नाही. तिथे बसलेल्या एकालाही माहीत नव्हतं. मग दीड तास माणसं भांडत होती ती कशावर?

आता पुस्तकाकडे. इंग्रजीत 'डेलिबरेटिव्ह डेमोक्रसी' म्हणतात ती संज्ञा जोसेफ बेसेट या अमेरिकी अभ्यासकाने १९८० साली वापरली. पुढे जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास आणि इतरांमुळे तिला वजन आलं. मला समजलं ते असं: मतदान फक्त हात मोजतं. तुमचं मत कशामुळे बनलं, समोरच्याचं ऐकून ते हललं का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे लोक म्हणतात की निर्णयाला खरं बळ मिळतं ते आधी झालेल्या विचारविनिमयातून. जो निर्णय माझ्यावर लागू होणार, त्याची कारणं मला पटतील अशा भाषेत मला सांगितली गेली पाहिजेत, आणि मला उलट विचारता आलं पाहिजे. कुणाचा हुद्दा, पैसा किंवा आवाज मोठा म्हणून नव्हे, ज्याचं म्हणणं जास्त पटतं म्हणून गोष्ट ठरावी.

जेम्स फिशकिन या अमेरिकी अभ्यासकाने याची रीतच घालून दिली. चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची, आधी त्यांची मतं नोंदवायची, दोन्ही बाजूंची माहिती हातात द्यायची, लहान गटांत बसवायचं, तज्ज्ञांना प्रश्न विचारू द्यायचे आणि शेवटी पुन्हा मतं घ्यायची. नव्वदच्या दशकापासून अनेक देशांत हे झालंय. चीनमधल्या झेगुओ नावाच्या गावात २००५ साली रस्ते-गटारांच्या ३० कामांतून लोकांनी अशा पद्धतीने निवड केली. एकपक्षीय राजवटीत! यावर हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा.

आपल्याकडे ग्रामसभा कायद्यात आहे, राज्यघटनेत आहे. म्हणजे भांडं आहे, मग पदार्थ का होत नाही? अनुभव असलेल्यांनी लिहावं. 'लोकच तसे' हे उत्तर नको, ते मला घरी मिळतं.

फ्लॅट नंबर ४०४

धागा आवडला. आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची विशेष सर्वसाधारण सभा झाली तेव्हा बिल्डरच्या तीन निविदांचे कागद सभेच्या दारात वाटले. चाळीस पानं, तीही इंग्रजीत. आत गेल्यावर पहिलं वाक्य, "कुणाला काही शंका?" दुसरं वाक्य, "शंका नसल्यास मतदान घेऊ." त्यामुळे हा फक्त खेड्यातला आजार नाही.

अवांतर: 'विमर्शात्मक' वगैरे शब्द न वापरल्याबद्दल आभार.

शब्दवेल्हाळ

मराठीत यासाठी झकास शब्द पडून आहे: खल. एखाद्या गोष्टीचा खल करणे. खलात मात्रा घोटतात तसं. न घोटता दिली तर मात्रा लागू पडत नाही. मी तर 'खलाची लोकशाही' म्हणेन.

फ्लॅट नंबर ४०४

@शब्दवेल्हाळ, खलांची लोकशाही आपल्याकडे आहेच की.

डब्लिनकर

विषय जवळचा आहे म्हणून जरा लांबण लावते.

मी इथे आयर्लंडमध्ये चौदा वर्षं आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सविता हलप्पनवार वारली तेव्हा मला येऊन थोडेच महिने झाले होते. बेळगावची, दाताची डॉक्टर, वय ३१. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असताना तिने गर्भपात मागितला होता, तो मिळाला नाही, आणि जंतुसंसर्गाने गॉलवे शहरात तिचा जीव गेला. १९८३ साली इथल्या संविधानात आठवी दुरुस्ती झाली होती, आईचा आणि पोटातल्या गर्भाचा जगण्याचा हक्क सारखा मानणारी. आम्ही मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो तेव्हा माझ्या शेजारची आयरिश बाई म्हणाली होती, यात काही बदल होणार नाही, पुढारी या विषयाला हात लावायला घाबरतात.

खरंच घाबरत होते. म्हणून तर त्यांनी २०१६ साली हा विषय नागरिक सभेकडे दिला. ९९ सामान्य लोक, वय, लिंग, प्रांत, सामाजिक वर्ग यांचा मेळ घालून निवडलेले, आणि अध्यक्ष म्हणून मेरी लॅफॉय या न्यायाधीश. मालाहाइडच्या एका हॉटेलात पाच शनिवार-रविवार या एका प्रश्नावर. मानधन नाही, फक्त खर्च. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर सात-आठ जण, एक चर्चा चालवणारा आणि एक टिपणं घेणारा. डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक, दोन्ही बाजूंच्या संघटना, सगळ्यांना ऐकलं. प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या बायकांची ध्वनिमुद्रित निवेदनंही ऐकली. मोठ्या सत्रांचं थेट प्रक्षेपण व्हायचं. मी रविवारी पोळ्या लाटता लाटता बघायचे.

एप्रिल २०१७ मध्ये ८७ टक्क्यांनी सांगितलं की हे कलम आहे तसं ठेवू नये. कारण न विचारता गर्भपात मिळावा याला ६४ टक्के अनुकूल होते. लोक इतके पुढे जातील असं पुढाऱ्यांना वाटलं नव्हतं. नंतर संसदेच्या समितीत चर्चा झाली आणि २५ मे २०१८ ला सार्वमत. ६६.४ टक्के 'हो'. तोवर मी नागरिक झाले होते, मत दिलं. पोर्टोबेलोत एका भिंतीवर सविताचं चित्र काढलं होतं, त्यावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच तिची माफी मागणाऱ्या होत्या.

धागाकर्त्याच्या टाकीशी याचा संबंध सांगते. त्या सभेत कुणी माहितीवाचून बोलत नव्हतं, आणि कुणी माइक पकडून बसू शकत नव्हतं. लोक काही आपल्यापेक्षा शहाणे नव्हते हो. टेबलं नीट मांडली होती.

आकडेमोड्या

@डब्लिनकर, सुंदर लिहिलंय, पण यशोगाथाच का निवडायची? मी दोन दुसऱ्या सांगतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००४ साली १६० नागरिक निवडले, प्रत्येक मतदारसंघातून एक पुरुष आणि एक स्त्री, शिवाय दोन आदिवासी प्रतिनिधी. जवळपास वर्षभर ते निवडणूक पद्धती शिकले आणि त्यांनी नवी पद्धत सुचवली. २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के लोकांनी ती उचलून धरली. पण सरकारने आधीच ६० टक्क्यांची अट घालून ठेवलेली. संपलं.

फ्रान्समध्ये हवामानबदलावर १५० नागरिक बसले, २०१९-२० साली. तुमचे प्रस्ताव 'गाळणी न लावता' पुढे नेऊ असं राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ म्हणाले होते. १४९ प्रस्ताव आले. तीन त्यांनी पहिल्याच फटक्यात बाजूला काढले, आणि उरलेल्यांपैकी बरेच कायद्यापर्यंत पोचताना पातळ झाले.

तेव्हा माझे दोन प्रश्न. एक, चिठ्ठीत नाव निघालेल्या ९९ जणांना माझ्या वतीने बोलायचा अधिकार दिला कुणी? आमदार निदान पाच वर्षांनी माझ्या दारात येतो. दोन, ज्याच्या हातात किल्ली आहे तो विषय निवडतो, अट घालतो, हवं तेवढंच उचलतो. मग ही लोकशाही की शोभेचा खल?

आणि ज्याला रोजंदारी आहे तो पाच शनिवार-रविवार बिनपगारी बसेल? तुमच्या गावात पंचवीसच लोक आले कारण बाकीच्यांना कामं होती. हा हिशेब साधा आहे.

डब्लिनकर

@आकडेमोड्या, मानधनाचा मुद्दा मान्य, इथेही तो निघाला होता. आणखी एक कबुली देते: २०१८ च्या सुरुवातीला असं उघडकीस आलं की सदस्य निवडायचं काम दिलेल्या एकाने सात जण घरोघर फिरून नव्हे तर ओळखीपाळखीतून घेतले होते. ते गर्भपाताचा विषय संपल्यावर आलेले होते, त्यांना काढलं. तरी डाग तो डागच.

अधिकाराबद्दल: त्या ९९ जणांनी कायदा केलाच नाही. त्यांनी शिफारस केली, संसदेने छाननी केली, शेवटचा शब्द सगळ्या मतदारांचा. उलटं उदाहरणही इथलंच आहे. स्त्री-पुरुष समानतेवर नागरिक सभा झाली, तिच्या शिफारशींची शब्दरचना सरकारने बदलली आणि मार्च २०२४ मध्ये दोन सार्वमतं घेतली. दोन्ही आपटली. काळजी घेण्याबद्दलच्या दुरुस्तीला ७४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी 'नाही' म्हटलं. हरण्याची कारणं बरीच सांगतात, पण घोटलेली मात्रा बदलून पाजली ही त्यातली एक. ('खल' मला आवडलाय.)

पिंपळपान

इतका वेळ नुसतं वाचत होतो. आता लिहितो.

टेबलं नीट मांडली होती, म्हणताय. आमच्या गावात टेबलं नव्हती, पार होता. पारावर कोण बसायचं, खाली कोण बसायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून कोण ऐकायचं, हे विषयपत्रिकेआधीच ठरलेलं असायचं. माझे वडील सदस्य होते, राखीव जागेवरून निवडून आलेले. पाच वर्षांत ते सभेत किती वेळा बोलले असतील? त्यांना बोलायची बंदी नव्हती. पण ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचं, त्याच्या तोंडावर आज बोलायचं कसं?

'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात. ते पाच कोण, हे कुणी विचारत नाही.

बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बोलले ते लोकांना बोचतं. गाव म्हणजे स्थानिकपणाचं डबकं आणि अज्ञान, संकुचितपणा, जातीयता यांचं आगर, अशा अर्थाचं ते बोलले, आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला. रागाच्या भरातलं वाक्य नाही ते. गावाच्या एकमताची किंमत कोण मोजतं, ते त्यांना माहीत होतं.

'सर्वानुमते' या शब्दाची मला भीती वाटते. २०२१ च्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा लिलाव झाला होता. बाहेरून पाहिलं तर तेही एकमतच. बिनविरोध!

जुनी कागदपत्रं

@पिंपळपान यांच्या मुद्द्याला जुनी पुस्ती. मराठेशाहीतले महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, पाहिले तर गोतसभेत (तंटे सोडवणाऱ्या स्थानिक सभेत) देशमुख, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही हजर असलेले दिसतात. लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असत, पाटलाचा नांगर तर सगळ्यांना ठाऊक. महारांचीही नावं असतात. वतनाच्या तंट्यात सीमा कुठून जाते ते सांगायला त्यांची साक्ष महत्त्वाची मानली जाई. हे पाहून काही जण 'बघा, आपली प्राचीन लोकशाही' म्हणून नाचतात. पण साक्षीला बोलावणं वेगळं आणि निवाड्यात वाटा असणं वेगळं. कागदावरच्या हजेरीवरून कोण कुठे बसलं होतं ते कळत नाही.

दुसरी गोष्ट संविधान सभेचीच. बाबासाहेबांचं ते भाषण ४ नोव्हेंबरचं. त्यावर अनेक सभासद चिडले. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींचं कलम घालायची दुरुस्ती मांडली. तेच आजचं कलम ४०. आणि बाबासाहेबांनी काय केलं? दुरुस्ती स्वीकारतो, म्हणाले. मत बदललं असं नाही, पण सभेचा कौल ओळखून वाट मोकळी केली. मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हा आकडा त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलाय. विचारविनिमय शोधायला डब्लिनला जायची गरज नाही. ती सभा मर्यादित मताधिकारातून आली होती, हे मात्र विसरू नये.

माजी भाऊसाहेब

मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो. तीन तालुके, सात ग्रामपंचायती. थोडं आतलं सांगतो.

कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो कमी तो. तहकूब सभेला कोरमची अट नाही. इथेच मेख आहे. ज्याला ठराव गुपचूप करायचा तो पहिली सभा भरू देतच नाही. नोटीस बोर्डावर नोटीस लागते, पण बोर्ड कार्यालयाच्या आत आणि कार्यालयाला कुलूप. तहकूब सभेला आपली वीस माणसं, काम फत्ते. काही ठिकाणी तर सभाच होत नाही, रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या गोळा होतात. हे मी पाहिलंय. थांबवलं का, तर काही वेळा थांबवलं, काही वेळा नाही. नोकरी करायची होती.

'सर्वानुमते' हा शब्द ठरावात आम्हीच लिहायचो. विरोध झाला तरी. विरोध लिहिला की वरून चौकशीचं पत्र येतं, मग खुलासा, मग फेऱ्या. साहेबांनाही सर्वानुमतेच आवडतं. पिंपळपान, तुमच्या वडिलांनी कधी विरोध केला असेल तरी तो प्रोसिडिंगात सापडायचा नाही. ते आमच्या पेनाचं पाप.

आणखी एक. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बहुतेक जागी अंगणवाडीत पंधरा मिनिटं आणि सह्या. पण एका गावात अंगणवाडीताईंनी ती मनावर घेतली. त्या सभेत बायका मोकळ्या बोलायच्या, हंड्यांचा हिशेब, संडासचं पाणी, एसटीची वेळ. मग त्यातल्या दोघी-तिघी ग्रामसभेत उठून 'आमच्या सभेने ठरवलंय' म्हणायच्या. एकटी बाई बोलली तर हसतात, सभेचं नाव घेतलं की हसत नाहीत. धागाकर्त्याच्या त्या आजींच्या पाठीशी सभा नव्हती.

चावडीवरचा

@माजी भाऊसाहेब, हे वाचून गप्प झालो. आजींचं जे तुम्ही म्हणता त्यावर आयरिस मॅरियन यंग या विदुषीने लिहिलंय. 'कारणं द्या, मुद्देसूद बोला' ही अटच शिकलेल्यांच्या आणि पुरुषांच्या सोयीची आहे. लोक गोष्ट सांगून, टोमणा मारून, अनुभव मांडून बोलतात, त्यालाही युक्तिवादाइतकं वजन हवं. आजींचं वाक्य हा त्या सभेतला सगळ्यात नेमका मुद्दा होता. टाकी कुठे हवी ते हंडे मोजूनच कळलं असतं.

@पिंपळपान, दक्षिणेतल्या चार राज्यांतल्या २९० ग्रामसभांचं बोलणं पारोमिता सन्याल आणि विजयेंद्र राव या अभ्यासकांनी तपासलंय. त्यांना असं दिसलं की गरीब आणि खालच्या मानलेल्या जातींचे लोक तिथे उभं राहून चारचौघांत हक्काने मागतात, अधिकाऱ्याला जाब विचारतात, आणि त्या उभं राहण्यालाच एक मोल आहे. तुमच्या गावात तसं का नाही?

पिंपळपान

आता थोडं आहे. माझी चुलतबहीण बोलते. ती शहरात नोकरीला आहे, कुणाच्या शेतात जात नाही. बोलायचं धैर्य सभेत येत नसतं, ते पोटापाण्यातून येतं. एवढंच म्हणणं आहे.

मोहफूल

नेटवर्क मिळालं की तुकड्या-तुकड्याने लिहितोय. गडचिरोलीत काम करतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)चं नाव अजून कसं आलं नाही?

शंभरेक घरांचं गोंड गाव. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आम्हीच सरकार. ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे, गावाचे पुढारी देवाजी तोफा यांचं नावही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १८०० हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती दिलं. पुढे २०१३ मध्ये ग्रामदानाचा, म्हणजे जमिनी गावाच्या नावे करण्याचा ठराव. हे सगळं पेपरात आलंय.

पेपरात कमी येतं ते असं. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर. घरातून बाई आणि पुरुष दोघांनी यायचं. आणि ग्रामसभेच्या जोडीला वेगळा अभ्यासगट आहे. अभ्यासगटात बाहेरचे लोक येतात, कायदा वाचला जातो, बांबूचा हिशेब समजून घेतला जातो, मधमाश्यांपासून मासेमारीपर्यंत काहीही चालतं. तिथे कुणालाही यायला मोकळीक, पण अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार शून्य. निर्णय ग्रामसभेचा, आणि तिथे बाहेरच्याला मत नाही.

ही विभागणी फार हुशारीची आहे. निर्णय घ्यायचाच नसला की माणूस हरायला घाबरत नाही. 'मला कळलं नाही' म्हणता येतं. पुन्हा विचारता येतं. सभेत तेच विचारलं तर लाज वाटते आणि विरोधकाला मुद्दा मिळतो. गावासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल हे वर्षानुवर्षं याच गोष्टीवर भर देत आले.

चावडीवरच्या साहेब, तुमच्या गावात सभा होती, अभ्यास नव्हता.

आकडेमोड्या

@मोहफूल, एक जमात, शंभर घरं, सगळे एकमेकांचे सोयरे. तिथे सहमती होणारच. पिंपळपान यांच्या गावात एकाला नकाराधिकार दिला तर तो पाटलाचा मुलगाच वापरणार, आणि आहे ते तसंच चालू राहणार. सहमतीचा फायदा नेहमी 'जैसे थे'वाल्याला.

मोहफूल

बरोबर आहे, आणि हे तिथलेही मानतात. मेंढ्याची नक्कल करायला गेलेल्या कितीतरी गावांत नुसती पाटी लागली. पण 'सहमती होणारच' हे तितकंसं खरं नाही. सोयऱ्यांची भांडणं तुम्ही पाहिलेली दिसत नाहीत. :)

मोठ्या, मिसळलेल्या समाजात करायचं तर केरळ बघा. १९९६ पासून योजनेच्या निधीतला ३५-४० टक्के वाटा त्यांनी स्थानिक संस्थांकडे दिला. तिथली पंचायत मोठी, म्हणून ग्रामसभा वॉर्डाची. सगळे एकत्र बसून आरडाओरडा करत नाहीत. सुरुवातीला एकत्र, मग शेती, पाणी, शिक्षण असे विषयांचे गट पाडून, प्रत्येक गटात चर्चा चालवायला प्रशिक्षण दिलेला माणूस. डब्लिनकर ताईंची गोल टेबलं, फक्त शाळेच्या बाकांवर. आणि पैसा खरा होता, म्हणून लोक आले. आकडेमोड्या यांच्या रोजंदारीच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर.

शब्दवेल्हाळ

नियमगिरी डोंगराचं काय? सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की बॉक्साइटच्या खाणीबद्दल ग्रामसभांनी ठरवावं. ओडिशातल्या बारा गावांत जुलै-ऑगस्टमध्ये सभा झाल्या, बाराच्या बारा 'नाही'. याला खल म्हणायचं का? लोकांचं मत आधीच पक्कं होतं.

जुनी कागदपत्रं

मी म्हणेन. सगळ्या सभांना जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक होता आणि लोकांनी डोंगर आपला देव का आहे ते एकेक करून सांगितलं. मत बदललं नाही, पण कारण नोंदवलं गेलं, आणि ते कारण सरकारी कागदावर आलं. भाऊसाहेबांच्या 'सर्वानुमते'शी तुलना करा. एकमत दोन्हीकडे आहे. एकीकडे त्यामागचं बोलणं लिहिलंय, दुसरीकडे खोडलंय.

चावडीवरचा

धागा भरकटला नाही याचं आश्चर्य वाटतंय. :)

मी सुरुवातीला विचारलं होतं की भांडं आहे, मग पदार्थ का होत नाही. आता वाटतंय की मी भांड्याकडे उगाच बघत बसलो. सभेचा दीड तास सुधारून फार काही होणार नाही. सभेआधी जे व्हायला हवं ते आमच्याकडे होतच नाही, आणि सभेनंतर जे लिहिलं जातं ते खोटं असतं. मधल्या दीड तासाला मग भांडणाशिवाय कामच काय उरतं?

काल चुलतभावाशी बोललो. टाकीचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागितलंय. ते आलं की मराठीत दोन पानं करायची: लिटर, उंची, घरं, पाइपची लांबी, दोन्ही जागांचा खर्च. १५ ऑगस्टच्या सभेआधी दोन संध्याकाळी शाळेत बसायचं, एकदा खालच्या वस्तीत आणि एकदा वरच्या आळीत. ठराव नाही, सही नाही, फक्त वाचायचं आणि विचारायचं. आजींना सांगितलंय, हंडे मोजायला पोरं पाठवतो. त्या म्हणाल्या, "पोरांना मोजायला नको, वाहायला पाठव."

पिंपळपान

खालच्या वस्तीतली बैठक आधी घ्या. आणि वरच्यांना तिथे बोलावू नका. दुसरीकडे कुणीही येऊ दे.

चावडीवरचा

@पिंपळपान, हे डोक्यातच आलं नव्हतं. तसंच करतो.

माजी भाऊसाहेब

दोन कामं विसरू नका. एक, झालेल्या ठरावाचा फेरविचार हा विषय आत्ताच लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घालून घ्या, पोच घ्या. नोटीस सात दिवस आधी निघते, त्यानंतर 'ऐनवेळचे विषय' म्हणून गुंडाळतात. दोन, सभा उठायच्या आत प्रोसिडिंग तिथेच मोठ्याने वाचायला लावा. विरोध करणाऱ्याचं नाव आणि कारण लिहिलंय का ते ऐका, मगच सही. ग्रामसेवक कुरकुर करेल. मीही केली असती.

फ्लॅट नंबर ४०४

मी आमच्या सेक्रेटरींना हा धागा पाठवला. त्यांचं उत्तर: "वाचला. छान आहे. रविवारच्या सभेत मंजूर करून टाकू."